अहवाल औषधाचा की यंत्राचा?

दोन वर्षांपूर्वी आश्विनात आमच्या छोट्या औषधनिर्मितीशाळेत पिंपळीची दोन पोती आली. खोकल्या-पडशाचे दिवस तोंडावर होते आणि सितोपलादि चूर्णाची मागणी वाढणार हे ठरलेलेच होते. नित्याप्रमाणे पिंपळीचा नमुना एका प्रयोगशाळेकडे पाठविला. आठ दिवसांत अहवाल आला: ‘अफ्लाटॉक्सिन बी-१ : आढळले नाही.’ पहिले पोते फोडले, कुटाई सुरू झाली. तिसऱ्या दिवशी गेली पंचवीस वर्षे आमच्याकडे कुटणी-चाळणीचे काम पाहणाऱ्या मावशी म्हणाल्या, “डॉक्टर, ह्या पिंपळीला कुबट वास येतोय.” मी त्यांना तो अहवाल दाखविला. त्यावर सही होती, शिक्का होता. मावशी गप्प बसल्या आणि काम पुढे चालू राहिले.

मनात मात्र रुखरुख राहिली. म्हणून त्याच पोत्यातला राखून ठेवलेला नमुना दुसऱ्या प्रयोगशाळेकडे पाठविला. तिचा अहवाल आला तेव्हा पहिले पोते संपून त्याचे चूर्ण रुग्णांच्या घरी पोहोचले होते. त्या अहवालात अफ्लाटॉक्सिन बी-१ चे प्रमाण किलोमागे १४ मायक्रोग्रॅम होते. युरोपीय फार्माकोपियाची वनस्पतिद्रव्यांसाठीची मर्यादा किलोमागे २ मायक्रोग्रॅम आहे, आणि बुरशी लवकर धरणाऱ्या द्रव्यांसाठी आम्ही स्वतःहून तीच मर्यादा पाळत आलो आहोत.

एकच पोते, एकच नमुना, आणि अहवाल दोन. दोन्ही अहवालांवर पद्धतीचे नाव तेच होते: हाय परफॉर्मन्स लिक्विड क्रोमॅटोग्राफी, म्हणजे आपण सारे जिला एचपीएलसी म्हणून ओळखतो ती. मग खरे काय मानायचे? या प्रश्नाचा पाठपुरावा करताना जे समजले ते आपल्या वैद्यबंधू-भगिनींपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू. विषय वरकरणी रसायनशास्त्रज्ञांचा वाटेल. परंतु अहवालाच्या आधारावर रुग्णाच्या हाती पुडी देणारे आपण आहोत, त्यामुळे तो आपलाही आहे.

पद्धत तीच, यंत्र दुसरे

पहिल्या प्रयोगशाळेच्या प्रमुखांना मी प्रत्यक्ष भेटलो. त्यांनी काहीही न लपवता सारे कागद पुढे ठेवले, याबद्दल त्यांचे आभारच मानले पाहिजेत. घडले ते असे. अफ्लाटॉक्सिनची चाचणी त्यांच्याकडे अनेक वर्षे एका जुन्या यंत्रावर होत असे. ते नादुरुस्त झाल्यावर नवे यंत्र आले आणि जुन्या यंत्राच्या संगणकातील ‘पद्धत’ जशीच्या तशी नव्या यंत्रात उतरवून घेण्यात आली. वाहक द्रव तोच, स्तंभ तोच, प्रवाहाचा वेग तोच. राहून गेली ती एक वेटोळी नळी.

अफ्लाटॉक्सिनचे मुख्य प्रकार चार: बी-१, बी-२, जी-१ आणि जी-२. अतिनील प्रकाश पडला की हे पदार्थ चमकतात आणि त्या चमकेवरून यंत्र त्यांचे मोजमाप करते. परंतु पाणीमिश्रित वाहक द्रवात बी-१ आणि जी-१ यांची चमक मंदावते. म्हणून स्तंभातून बाहेर पडणारा द्रव शोधकाकडे जाण्यापूर्वी एका वेटोळ्या नळीतून अतिनील दिव्याभोवती फिरवतात. त्या प्रकाशाने या दोन रेणूंत बदल होतो आणि ते पुन्हा तेजाने चमकू लागतात. हेच काम काही ठिकाणी ब्रोमीनच्या साहाय्याने करतात. जुन्या यंत्राला अशी नळी जोडलेली होती. नव्या यंत्राला ती जोडायची राहिली. परिणामी बी-१ चे शिखर अगदी ठेंगणे झाले. शिवाय मधला मार्ग कमी झाल्याने ते थोडे लवकर अवतरले. संगणक मात्र जुन्या यंत्राच्या वेळेवर बी-१ ची वाट पाहत होता. त्या वेळी काहीच आले नाही, म्हणून त्याने ‘आढळले नाही’ असे लिहिले.

शुद्ध बी-१ चे प्रमाणद्रावण त्याच दिवशी नव्या यंत्रातून सोडले असते, तर ही चूक पहिल्या अर्ध्या तासात उघडी पडली असती. ते सोडले गेले नव्हते. प्रमाणद्रावणाचे आकडेही जुन्या यंत्रावरून उचलून आणले होते.

ज्यात बी-१ हे सात कोटी भागांत एक भाग या प्रमाणात होते, त्या पिंपळीबद्दल ‘नाही’ हा शब्द लिहिण्याचा अधिकार त्या दिवशी त्या यंत्राला नव्हता. आणि हा बी-१ म्हणजे कुणी किरकोळ पदार्थ नव्हे. यकृताचा कर्करोग घडविणारा म्हणून आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने अफ्लाटॉक्सिनला सर्वांत वरच्या, म्हणजे पहिल्या गटात ठेवलेले आहे.

यंत्रागणिक फरक का पडतो?

क्रोमॅटोग्राफीचा जन्म वनस्पतींच्या अभ्यासातून झाला, हे आपल्या व्यवसायातील पुष्कळांना माहीत नसते. रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ मिखाईल त्स्वेत यांनी १९०३ साली वॉर्सा येथे ही कल्पना मांडली. खडूच्या भुकटीने भरलेल्या नळीतून पानांचा अर्क सोडला असता त्यातील रंगद्रव्ये निरनिराळ्या पट्ट्यांत विभागली गेली. आजच्या एचपीएलसीचे मूळ तत्त्व तेच. वाहक द्रवाबरोबर पुढे जाण्याची आणि स्तंभातील भुकटीला चिकटून राहण्याची ओढ प्रत्येक घटकाची वेगळी असते, म्हणून प्रत्येक घटक आपापल्या वेळी बाहेर पडतो.

अफ्लाटॉक्सिनच्या चाचणीत वाहक द्रवाचे मिश्रण बहुधा आरंभापासून शेवटपर्यंत एकच असते. औषधातील संबंधित अशुद्धींच्या चाचण्यांत, किंवा आपल्या काढ्या-चूर्णांत कुणी चोरून मिसळलेले स्टेरॉइड शोधण्याच्या चाचण्यांत, बहुधा तसे नसते. तेथे मिश्रण क्रमाक्रमाने बदलत न्यावे लागते. आरंभी पाणी अधिक, पुढे ॲसिटोनायट्राइल किंवा मिथेनॉल अधिक. येथे यंत्रांतराची खरी अडचण सुरू होते. दोन द्रव जेथे मिसळतात तेथून स्तंभाच्या मुखापर्यंत काही अंतर असते. तेवढ्या मार्गात मावणाऱ्या द्रवाला प्रयोगशाळेच्या बोलीत ड्वेल व्हॉल्यूम म्हणतात. जुन्या यंत्रांत ते १ मिलिलिटर किंवा त्याहून अधिक असू शकते. नव्या अतिजलद यंत्रांत त्याच्या काही अंशच. मिनिटाला १ मिलिलिटर प्रवाह असेल, तर १ मिलिलिटरच्या मार्गामुळे बदललेले मिश्रण स्तंभापाशी १ मिनिट उशिरा पोहोचते. बारीक स्तंभ वापरून प्रवाह मिनिटाला ०.३ मिलिलिटरवर आणला, तर हाच उशीर ३ मिनिटे २० सेकंदांचा होतो. संगणकात लिहिलेला कार्यक्रम दोन्ही यंत्रांत अक्षरशः एकच असतो; स्तंभाला प्रत्यक्षात मिळणारा द्रव मात्र निराळा असतो. याचा सर्वाधिक फटका आरंभी बाहेर पडणाऱ्या घटकांना बसतो. जी दोन शिखरे एका यंत्रावर स्वच्छ वेगळी दिसत होती, ती दुसऱ्यावर एकमेकांत मिसळू शकतात. क्वचित त्यांचा क्रमही उलटतो.

याखेरीज स्तंभाची ऊब, जोडनळ्यांची जाडी, शोधकातील प्रकाशमार्गाची लांबी, तो सेकंदाला किती वेळा नोंद घेतो, या प्रत्येक गोष्टीचा परिणाम होतो. मुख्य औषधाचे मोजमाप करताना असा फरक पुष्कळदा खपून जातो. अशुद्धीच्या बाबतीत तो खपत नाही. आंतरराष्ट्रीय सुसूत्रीकरण परिषदेच्या नियमांनुसार दिवसाला २ ग्रॅमपर्यंत घेतल्या जाणाऱ्या रासायनिक औषधद्रव्यातील अशुद्धी ०.०५ टक्क्यांपासून नोंदवावी लागते. म्हणजे मुख्य शिखराच्या दोन हजाराव्या भागाएवढी टेकडी यंत्राला दिसली पाहिजे. शेजारच्या डोंगराच्या पायथ्यात ती गाडली गेली, तर अहवालात ती नसतेच.

वनौषधी या विशिष्ट नियमाच्या कक्षेबाहेर आहेत. त्यामुळे कुणाला हायसे वाटेल. वस्तुतः आपली अडचण अधिक बिकट आहे. रासायनिक गोळीच्या आलेखात एक मोठे शिखर आणि चार-दोन लहान शिखरे असतात; आपल्या काढ्याच्या आलेखात अनेक दहांनी शिखरे असतात. बेल्जियममध्ये वजन घटविण्याच्या औषधात एका चिनी वनस्पतीऐवजी ॲरिस्टोलोकिया जातीची वनस्पती मिसळली गेली आणि अनेक स्त्रियांची मूत्रपिंडे निकामी झाली. ही गोष्ट १९९३ साली वैद्यकविश्वापुढे आली. ॲरिस्टोलोकिक आम्ल हे त्याचे कारण ठरले. आपली ईश्वरी याच जातीची आहे. हे आम्ल शोधण्यासाठी एचपीएलसीचाच आधार घेतला जातो. एका यंत्रावर बसविलेली पद्धत दुसऱ्यावर नेताना त्याचे शिखर शेजारच्या निरुपद्रवी शिखराखाली झाकले गेले, तर त्याची किंमत रुग्णाच्या मूत्रपिंडाला मोजावी लागेल.

पद्धत बदलली की निष्कर्ष बदलतो

मोठ्या कंपन्या आणि प्रगत देश यांतून सुटलेले नाहीत. २०१९ साली अमेरिकेतील एका प्रयोगशाळेने रॅनिटिडिनच्या एकेका गोळीत एनडीएमए हा कर्करोगकारक पदार्थ प्रचंड प्रमाणात असल्याचे जाहीर केले. तिची पद्धत गॅस क्रोमॅटोग्राफीची होती आणि तीत नमुना १३० अंश सेल्सिअसपर्यंत तापविला जाई. त्या उष्णतेमुळे चाचणीतच एनडीएमए तयार होतो, असे अमेरिकी औषध प्रशासनाने दाखवून दिले आणि त्याऐवजी लिक्विड क्रोमॅटोग्राफीला वस्तुमान-शोधक जोडलेली पद्धत सुचविली. त्या पद्धतीने आकडे पुष्कळ खाली आले. तरीही औषध निर्दोष ठरले नाही. साठवणीत, विशेषतः उष्ण हवेत, एनडीएमए वाढत जातो हे स्पष्ट झाल्यावर एप्रिल २०२० मध्ये ते अमेरिकी बाजारातून काढून घेण्यास सांगण्यात आले. म्हणजे पहिली पद्धत चुकीची होती आणि तरी संशय खरा होता. आकडा वाचताना तो कोणत्या मार्गाने आला हे पाहिलेच पाहिजे, याचे याहून बोलके उदाहरण मला माहीत नाही.

या अनुभवांतून त्या क्षेत्राने नियम घडविले. अमेरिकी फार्माकोपियाच्या १२२४ क्रमांकाच्या प्रकरणात पद्धत एका प्रयोगशाळेतून दुसरीकडे नेण्याचे मार्ग दिलेले आहेत: दोन्हींकडे तेच नमुने तपासून तुलना करणे, दोघांनी मिळून पद्धत प्रमाणित करणे, नव्या ठिकाणी ती पुन्हा प्रमाणित करणे, किंवा सबळ कारण लेखी नोंदवून सूट घेणे. ६२१ क्रमांकाच्या प्रकरणाचे सुसूत्रित रूप १ डिसेंबर २०२२ पासून लागू झाले. स्तंभाचे माप, प्रवाह इत्यादींत कुठवर बदल चालतो याच्या सीमा त्यात आखल्या आहेत. मात्र कोणताही बदल केला, तरी यंत्रणा त्या दिवशी योग्य रीतीने काम करीत आहे याची परीक्षा उत्तीर्ण झालीच पाहिजे, ही अट कायम आहे.

आपल्या शास्त्राला हे नवे नाही

ही अट वाचली तेव्हा मला स्नेहपाकाची आठवण झाली. तेल किंवा तूप सिद्ध करताना आपल्या ग्रंथांनी द्रव्यांचे प्रमाण दिले, पण केवळ घटका मोजून भांडे उतरवा असे सांगितले नाही. त्यांनी लक्षणे दिली. कल्काची बोटांत वात वळता आली पाहिजे. तो अग्नीवर टाकला तर तडतडता कामा नये. तेलात फेस यावा, तुपातला फेस शमावा. अपेक्षित गंध, वर्ण, रस उत्पन्न व्हावेत. कारण उघड आहे. पितळेचे पातेले आणि लाकडाचा जाळ यांवर जो पाक एका वेळात होतो, तो वाफेवर चालणाऱ्या पोलादी भांड्यात दुसऱ्या वेळात होईल. काळ भांड्याप्रमाणे बदलतो. लक्षणे बदलत नाहीत. गुरूच्या घरचे घड्याळ आणून आपल्या भट्टीशेजारी ठेवणाऱ्या शिष्याचा पाक मृदू तरी राहील किंवा खर तरी होईल.

पहिल्या प्रयोगशाळेकडून नेमके हेच झाले. तिने जुन्या यंत्राच्या वेळा आणल्या आणि लक्षणे पाहिली नाहीत. एचपीएलसीमध्येही लक्षणे ठरलेली असतात: शेजारच्या दोन शिखरांत पुरेसे अंतर आहे का, शिखर सममित आहे का, तेच द्रावण पुन्हा पुन्हा सोडले असता तोच आकडा येतो का, सर्वांत कमी अपेक्षित प्रमाण यंत्राला दिसते का. ही लक्षणे दिसली तर यंत्र कोणतेही असो, पाक सिद्ध झाला असे समजावे.

आपल्या बैठकांतून या विषयावर दोन टोकांची मते ऐकू येतात. एक म्हणते, यंत्राने काय सांगायचे, आमचे शास्त्र त्रिकालाबाधित आहे. दुसरे म्हणते, अहवाल आला, आता विषय संपला. मला दोन्ही मते एकाच आळसाची रूपे वाटतात. पहिले परीक्षाच नाकारते, आणि दुसरे परीक्षा दुसऱ्यावर सोपवून मोकळे होते. त्या आश्विनात मी दुसऱ्या पंथातला होतो, हे कबूल केले पाहिजे.

काय करता येईल?

चाचणीच्या खर्चाने लहान औषधनिर्माते आधीच वाकले आहेत, याची मला जाणीव आहे. परंतु पुढील गोष्टी मागण्यासाठी जवळजवळ काहीच खर्च येत नाही. अहवालावर पद्धतीबरोबर यंत्र आणि स्तंभ यांची नोंद असावी. त्याच दिवशी, त्याच यंत्रावर घेतलेला प्रमाणद्रावणाचा आलेख सोबत असावा. ‘आढळले नाही’ असे लिहिले असेल, तर किती प्रमाणापर्यंत आढळू शकले असते तो आकडा शेजारी असावा. त्यावाचून ‘नाही’ या शब्दाला अर्थ नाही. यंत्र बदलले असेल, तर एकच नमुना दोन्ही यंत्रांवर तपासल्याची किंवा स्वच्छ द्रव्यात ज्ञात प्रमाणात दोष मिसळून तो परत मोजल्याची नोंद मागावी. आणि प्रत्येक पोत्याचा राखीव नमुना आपल्याकडे कोरड्या, थंड जागी ठेवावा. माझ्याजवळ तो नसता, तर हा लेख लिहिण्याची वेळच आली नसती आणि चूक कायमची झाकली गेली असती.

आयुर्वेदीय औषधांच्या चाचणीसाठी प्रयोगशाळांना मान्यता देण्याची तरतूद औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांत १६० ए पासूनच्या नियमांत आहे. मान्यता आवश्यकच आहे; परंतु ती प्रयोगशाळेला मिळते, त्या दिवशीच्या त्या आलेखाला नव्हे. म्हणून एक सूचना संघटनेपुढे ठेवतो. वर्षातून एकदा एखादे चूर्ण एकजीव करून त्यात ज्ञात प्रमाणात दोष असलेला नमुना तयार करून घ्यावा आणि आपले सभासद ज्या प्रयोगशाळांकडे जातात त्या सर्वांकडे तो, उत्तर न सांगता, पाठवावा. खर्च सर्वांनी वाटून घ्यावा. उद्देश कुणाची बदनामी करण्याचा नसावा. निष्कर्ष प्रथम त्या त्या प्रयोगशाळेलाच कळवावेत. ज्यांनी माझ्यापुढे सारे कागद उघडले, त्यांच्यासारखी माणसे अशा उपक्रमाचे स्वागतच करतील.

राहिली त्या पोत्यांची गोष्ट. सितोपलादि चूर्णात एकूण ३१ भागांत पिंपळी ४ भाग असते. म्हणजे १४ मायक्रोग्रॅमची पिंपळी घातली तरी तयार चूर्णात किलोमागे सुमारे १.८ मायक्रोग्रॅम एवढेच येते आणि ते २ च्या आत बसते. हा हिशेब मी त्या रात्री कागदावर मांडला होता. कुणी विचारलेच तर उत्तर तयार होते. परंतु दोषयुक्त द्रव्य साखरेत आणि वंशलोचनात मिसळून मर्यादेत बसविणे ही शुद्धी नव्हे, हे सांगायला कुठल्याही यंत्राची गरज नव्हती, आणि ते चूर्ण घेणाऱ्यांत निम्मी लहान मुले होती. दुसऱ्या दिवशी नोंदवही घेऊन बसलो आणि एकेका घरी दूरध्वनी केला. काही पुड्या परत आल्या. पुष्कळशा संपल्या होत्या. उरलेले पोते आणि तयार चूर्ण नष्ट केले.

तेव्हापासून आमच्या कच्च्या द्रव्यांच्या नोंदवहीत प्रयोगशाळेच्या रकान्याआधी ‘गंध’ असा एक रकाना आहे. तो मावशी सांगतात आणि मी लिहितो. दोन रकान्यांत मतभेद असेल, तर द्रव्य फेरतपासणी होईपर्यंत पोत्यातच राहते.

संघटनेच्या वार्षिक सभेत या सूचनेवर चर्चा व्हावी, ही विनंती. ज्यांना असे परस्परविरोधी अहवाल आले असतील, त्यांनी ते संपादकांकडे अवश्य पाठवावेत. इत्यलम्.